दोन सोंडे, एक नाव

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी बहुतेक तसंच ठेवलंय.)

आजचा एपिसोड इतिहासाचाच आहे, पण यात राजा नाही, लढाई नाही, किल्लाही नाही. यात एक किडा आहे, जेमतेम तीन मिलिमीटरचा. लगेच स्किप करू नका, पाच मिनिटं द्या.

गेल्या महिन्यात एका रविवारी कुकर लावायचा म्हणून तांदळाचा डबा उघडला. आईने पाठवलेला इंद्रायणी, भोरकडचा. वर बघतो तर बारीक तपकिरी किडे तुरुतुरु चाललेत. एकाला बोटावर घेतलं, तर त्याला चक्क सोंड! आईला फोन केला.

"आई, तांदळाला टोके झालेत गं."

"अरे मग ऊन दाखव की. आणि मी डब्यात कडुनिंबाचा पाला घातला होता, तो आहे ना?"

तो पाला मी कचरा समजून पहिल्याच दिवशी फेकला होता. हे आईला सांगितलं नाही. माझा रूममेट वर्ध्याचा, तो डब्यात डोकावून म्हणाला, "टोके नाही बे, सोंडे आहेत हे." आता आमच्या घरात मुगात झालेला किडाही टोका आणि तांदळात झालेलाही टोका. रूममेटच्या घरी तांदळातला तो सोंडा आणि मुगातला तो भुंगा. या बाबतीत त्याचं घर बरोबर निघालं. मुगातल्या किड्याला सोंड नसते, तो वेगळ्याच घराण्यातला आहे. इंग्रजीवाले मात्र त्यालाही वीव्हिल म्हणतात, म्हणजे घोळ फक्त माझ्या आईचा नाही.

मी चाळणी घेतली, सगळे किडे काढले, झालं काम असं म्हटलं. पंधरा दिवसांनी डबा उघडला तर पुन्हा तेवढेच. मग मात्र वाचायला बसलो. एक टॅब उघडला, त्यातून दहा, आणि रात्रीचे दोन वाजले.

चाळणी का हरली ते आधी सांगतो. मादी सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, त्यात एक अंडं घालते आणि वर चिकट द्रवाचं बूच लावते. बाहेरून दाणा अखंड दिसतो. अळी आतच दाणा खाते, आतच कोषात जाते, आणि हवा उबदार असेल तर महिना-सव्वा महिन्यात पूर्ण किडा दाणा फोडून बाहेर येतो. मी चाळून काढले ते फक्त रिलीज झालेले होते. पुढचं व्हर्जन आत तयार होत होतं.

आणि ती सोंड डासासारखी नाही. डास शोषतो. सोंडकिड्याच्या सोंडेच्या अगदी टोकाला तोंड असतं, त्यात बारीक जबडे असतात. ड्रिल मशीनच्या बिटलाच दात बसवले तर कसं दिसेल, तसं. सोंडेच्या मधेच कुठेतरी दोन मिशा फुटतात आणि त्या बहुतेकांमध्ये कोपरासारख्या वाकलेल्या असतात.

या ड्रिलने काय काय साधलं बघा. हापूस कापताना कोयीतून काळा भुंगा निघालेला तुम्ही पाहिला असेल, तो सोंडकिडा. केळीचा कंद पोखरतो तो सोंडकिडा. कोकणात नारळाचं झाड आतून पोकळ करतो तो सोंड्या भुंगा, तोही यातलाच. उपासाच्या दिवशी रताळं कापलं आणि आत काळे बोगदे दिसले, तर तोही, फक्त तो चुलत घराण्यातला. बी, कळी, खोड, मूळ, झाडाचा कुठलाही भाग घ्या, त्यात भोक पाडून अंडं सुरक्षित ठेवणारा कोणीतरी सोंडकिडा असतोच. फुलझाडं पृथ्वीवर पसरली तसतसे हेही पसरले. या गटातली काही जुनी घराणी आजही फुलझाडांकडे न वळता सूचिपर्णी झाडांच्या परागांवर जगतात.

किती प्रकार असतील? 2007 मध्ये ओबरप्रीलर, मार्वाल्डी आणि अँडरसन या तिघांनी हिशोब मांडला. नाव मिळालेल्या जाती सुमारे 62,000. नाव न मिळालेल्या धरून अंदाज 2,20,000. तुलनेसाठी, जगातले सगळे पक्षी मिळून साधारण 11,000 आणि सस्तन प्राणी साडेसहा हजारांच्या आसपास. म्हणजे वाघ, हत्ती, वटवाघूळ, चिमणी, मोर, पेंग्विन, आपण, सगळे एका पारड्यात टाकले तरी नुसत्या सोंडवाल्यांचं पारडं तिपटीने जड.

एवढ्यांना नावं कोणी दिली? इथून इतिहास सुरू होतो.

1758 मध्ये स्वीडनच्या लिनियसने प्राण्यांना दोन शब्दांची नावं द्यायची पद्धत पक्की केली. आधी आडनाव, मग स्वतःचं नाव. आपल्याकडे मार्कशीटवर असतं तसंच. सोंड असलेले जवळजवळ सगळे किडे त्याने एकाच आडनावाखाली ठेवले: कर्क्युलिओ. धान्यातल्या किड्यासाठी हा जुना रोमन शब्द. प्लॉटस नावाच्या रोमन नाटककाराच्या एका विनोदी नाटकाचं नावही हेच आहे, त्यातल्या फुकट जेवणाऱ्या पात्रावरून. 1763 मध्ये लिनियसने तांदळातल्या किड्याला नाव दिलं, कर्क्युलिओ ओरायझी. ओरायझा म्हणजे भात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे याच्यावरून बराच गोंधळ होणार आहे.

पण सगळं एकाच फोल्डरमध्ये किती दिवस टाकणार? पुढचा माणूस मला फार आवडला. कार्ल योहान शॉनहेर. स्टॉकहोममध्ये याचा रेशमाचा कारखाना. पैसा कमावला आणि 1811 मध्ये, चाळिशीच्या आत, धंदा सोडून गावाकडच्या इस्टेटीवर राहायला गेला. आमच्या ऑफिसात लवकर रिटायर व्हायच्या गप्पा रोज चालतात, पण रिटायर होऊन काय करणार, यावर कोणाकडे धड उत्तर नसतं. शॉनहेरकडे होतं. त्याने किडे घेतले. 1833 ते 1845 या काळात सोंडकिड्यांवर आठ खंड काढले. एकट्याने लिहिले नाहीत. जातींची वर्णनं मित्रांकडून करून घेतली, रचना स्वतः केली. म्हणजे ओपन सोर्स प्रोजेक्टचा मेंटेनरच म्हणा. आपल्या तांदळाच्या किड्याचं आजचं आडनाव, सायटोफिलस, हे शॉनहेरचंच. अर्थ: धान्यावर प्रेम करणारा. प्रेम आहेच, नाकारता येत नाही.

नंतरचा एक माणूस आपल्या इकडचा म्हणता येईल. गाय मार्शल, जन्म 1871, अमृतसर. वडील इंग्रज अधिकारी, पक्ष्यांचे अभ्यासक. मुलगा आफ्रिकेत ऱ्होडेशियात राहिला, पुढे लंडनमध्ये इम्पीरियल ब्युरो ऑफ एन्टोमॉलॉजीचा पहिला संचालक झाला. आणि आयुष्यभर, अगदी 1959 मध्ये जाईपर्यंत, सोंडकिड्यांना नावं देत राहिला. दोन हजारांवर जाती त्याच्या नावावर आहेत. ब्रिटिश इंडियाच्या प्राण्यांवर जी खंडमाला निघाली, तिच्यातला सोंडकिड्यांचा 1916 चा खंड त्याचाच.

वरच्या पातळीवर, म्हणजे घराणी किती आणि कोणाला कुठे बसवायचं, यावर भांडणं अजून चालू आहेत. कोणी एकेका मोठ्या घराण्याची अनेक करतं, कोणी ती पुन्हा जोडतं. झाडाच्या सालीखाली बोगदे करणारे साल-भुंगेरे कितीतरी वर्षं स्वतंत्र घराणं होते. त्यांना सोंड जवळपास नाहीच, मग सोंडकिडे कसे? आता बहुतेक तज्ज्ञ म्हणतात की ते सोंडकिड्यांच्या मुख्य घराण्याचीच एक शाखा आहेत, सोंड नंतर आखूड झाली. 2007 च्या त्या हिशोबात एकूण घराणी सात. मी या वादात शिरणार नाही. मला जे सांगायचंय ते अगदी खालच्या पातळीवरचं आहे: हा किडा आणि तो किडा एकच की दोन?

परत आपल्या डब्याकडे. 1855 मध्ये मोचुल्स्की नावाच्या रशियन माणसाने तांदळाच्या किड्यासारखाच, पण मक्यातला, एक किडा वेगळा म्हणून नोंदवला: झियामेस. नंतरच्या लोकांनी बघितलं, म्हणाले हे दोन्ही सारखेच दिसतात, कशाला दोन नावं? आणि झियामेस ओरायझीत विलीन झाला. पुढे कित्येक दशकं जगभर एकच नाव.

पण प्रयोगशाळेत किडे पाळणाऱ्यांना काहीतरी खटकत होतं. 1928 मध्ये जपानच्या ताकाहाशीने सांगितलं की यात एक लहान चणीचा किडा आहे, तो वेगळा आहे. त्याला त्याने सासाकी असं नवं नाव दिलं. 1944 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या चार्ल्स बर्चने दोन वाण असल्याचं लिहिलं, एक लहान, एक मोठा. हा बर्च म्हणजे साधा माणूस नाही. किड्यांची संख्या किती वेगाने वाढते याचं गणित त्याने 1948 मध्ये मांडलं, ते आजही परिसरशास्त्रात शिकवतात, आणि ते याच तांदळाच्या किड्यावर केलेलं आहे. त्याने वाण लिहून ठेवला म्हणून बरं. बाकी कितीतरी जणांच्या पेपरमध्ये नुसतं ओरायझी लिहिलंय. त्यांनी लहान पाळला होता की मोठा, हे आज कोणाला सांगता येईल?

मग 1959 मध्ये अमेरिकेत फ्लॉइड आणि न्यूसम यांनी दाखवलं की या नक्कीच दोन वेगळ्या जाती आहेत. छान. मग ओरायझी हे नाव कोणाला द्यायचं? त्यांनी मोठ्याला ओरायझी म्हटलं आणि लहानाला सासाकी. वाद संपला असं वाटेपर्यंत 1961 आलं. गिलेर्मो कुशेल, चिलीत जन्मलेले आणि पुढे न्यूझीलंडला गेलेले सोंडकिड्यांचे मोठे तज्ज्ञ. त्यांनी विचारलं, अहो, लिनियसने 1763 मध्ये हातात धरलेला किडा कोणता होता? थेट मूळ नमुन्यापर्यंत मागे गेले. तो निघाला लहान! म्हणजे लहान तोच ओरायझी. आणि मोठ्याला 1855 पासून नाव होतंच, झियामेस. झालं, दोनच वर्षांत ओरायझी हे नाव मोठ्यावरून उठून लहानावर जाऊन बसलं.

एपीआयमध्ये असा बदल कोणी केला असता तर आम्ही त्याच्या टेबलाभोवती उभे राहिलो असतो. एकच नाव, पण 1928 च्या आधीच्या पेपरात अर्थ वेगळा, 1960 च्या पेपरात वेगळा, 1965 च्या पेपरात अजून वेगळा.

इथे माझी एक गोष्ट सांगतो, कारण हे वाचताना मला घाम फुटला होता. आधीच्या नोकरीत एका सिस्टिममध्ये ग्राहकांच्या डबल नोंदी काढायचं काम माझ्याकडे आलं. नाव सारखं, जन्मतारीख सारखी, गाव सारखं, तर एकच माणूस समज आणि नोंदी जोडून टाक. स्क्रिप्ट लिहिली, चालवली, शाबासकी मिळाली. महिन्याभराने एका काकांचा फोन आला. म्हणाले, माझे हप्ते भरून झालेत, तरी मेसेज का येतोय? त्यांच्या गावात त्याच नावाचे, त्याच जन्मतारखेचे दुसरे गृहस्थ होते. शाळेत दाखला घेताना 1 जून लिहायची पद्धत, अर्ध्या गावाची जन्मतारीख तीच. दोन माणसं मी एक केली होती. खरा त्रास पुढे झाला. नोंदी जोडायला एक सेकंद लागला होता, वेगळ्या करायला तीन आठवडे लागले. जोडल्यानंतर जे हप्ते आले ते कोणाचे, हे डेटाबेसमध्ये कुठेच नव्हतं. शेवटी शाखेतून कागदी पावत्या मागवल्या आणि एकेक जुळवत बसलो. काका दर दोन दिवसांनी फोन करायचे, कधी चिडले नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

कुशेलकडे पावती होती. जुन्या संग्रहात टाचणीला टोचून ठेवलेला किडा. असे नमुने असले की चूक दोनशे वर्षांनी का होईना, दुरुस्त करता येते.

कोणी म्हणेल, ठीक आहे, पण तांदळातला किडा लहान की मोठा, फरक काय पडतो? पाखडायचा तर आहेच. म्हणून आता दुसरी गोष्ट. हिच्यासाठीच खरं तर हा एपिसोड केलाय.

साल्विनिया नावाचं एक नेचं आहे, पाण्यावर तरंगणारं. पुण्या-मुंबईकरांना जलपर्णी माहीत आहे, त्याच जातकुळीचा ताप समजा. याची पानं पाण्यावर थरावर थर चढवत जातात. अनुकूल हवा मिळाली तर दोन-तीन दिवसांत दुप्पट. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, पण जगभर पोचलं. आफ्रिकेत झांबेझी नदीवर करिबा धरण झालं, 1958 च्या डिसेंबरमध्ये पाणी साठायला लागलं, पुढच्याच वर्षी हे नेचं दिसलं, आणि 1962 पर्यंत साधारण 1,000 चौरस किलोमीटर पाणी त्याखाली गेलं. केरळात 1950 च्या दशकात शिरलं आणि पुढे कुट्टनाडच्या कालव्यांत आणि भातखाचरांत पसरलं. तिथे त्याला आफ्रिकन पायल म्हणतात. पायल म्हणजे शेवाळ. बघा, नावातच पत्ता चुकलाय. ते आफ्रिकेचं नाही.

शास्त्रज्ञांचाही पत्ता चुकलेला होता. सगळे या नेच्याला साल्विनिया ऑरिक्युलाटा म्हणत होते. ऑरिक्युलाटाचं घर दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग आणि त्रिनिदाद. मग तिथे जाऊन शोधायचं की याला तिथे कोण खातं, आणि तो खाणारा उचलून आणायचा. उपाय बरोबर होता. 1960 च्या दशकात त्रिनिदादमध्ये एक टोळ आणि एक छोटा सोंडकिडा मिळाला, सिर्टोबॅगस सिंग्युलारिस. हे आफ्रिकेत आणि फिजीत नेऊन सोडले. टोळ केरळातही आला. सोंडकिडा जगला, पण नेच्याचं वाकडं झालं नाही.

1972 मध्ये करिबावर काम करणाऱ्या मिचेलने जाहीर केलं की हे ऑरिक्युलाटा नाहीच. ही वेगळीच जात आहे, संकरातून आल्यासारखी, बी न धरणारी, फक्त तुकड्यातुकड्याने वाढणारी. नाव दिलं साल्विनिया मोलेस्टा. लॅटिनमध्ये मोलेस्टा म्हणजे त्रास देणारी. आता प्रश्न बदलला: मोलेस्टाचं घर कुठे? ते 1978 मध्ये सापडलं, आग्नेय ब्राझीलमध्ये. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेच्या वेंडी फोर्नो आणि केन हार्ली यांनी शोधलं. तिथल्या पाण्यात हे नेचं माजलेलं नव्हतं, आटोक्यात होतं. कारण त्याच्यावर एक दोन मिलिमीटरचा सोंडकिडा होता.

त्यांनी तो पाहिला आणि म्हणाले, अरे, हा तर तोच सिंग्युलारिस. जुनाच, अपयशी ठरलेला. तरी नशीब की त्यांनी तो टाकून दिला नाही. ऑस्ट्रेलियात आणला, तपासण्या केल्या, आणि जून 1980 मध्ये क्वीन्सलँडमधल्या माउंट आयझाजवळच्या मूंडारा तलावात सोडला. तिथे साधारण 18,000 टन नेचं साचलेलं होतं. वर्ष-सव्वा वर्षात ते संपलं. प्रौढ किडे कोंब खातात, अळ्या देठात बोगदे करतात, मग अख्खी गादी तपकिरी पडते आणि बुडते.

जो किडा आफ्रिकेत नापास झाला तोच इथे पहिला कसा आला? पुन्हा भिंगाखाली घेतले. आणि कळलं की ब्राझीलचा किडा सिंग्युलारिस नाहीच. दिसायला जवळपास तोच, पण जात वेगळी. 1985 मध्ये काल्डर आणि सँड्स यांनी त्याला नाव दिलं: सिर्टोबॅगस साल्विनी. म्हणजे झाडाचं नाव चुकीचं होतं म्हणून लोक चुकीच्या ठिकाणी गेले. तिथे चुकीचा किडा मिळाला. बरोबर किडा मिळाला तेव्हा त्यालाही चुकीचं नाव लावलं. काम आधी झालं, नाव पाच वर्षांनी कळलं.

पापुआ न्यू गिनीतल्या सेपिक नदीची हकीकत वाचताना मी रात्री बाकीचे टॅब बंद केले. या नदीच्या आजूबाजूला तळी आणि जुन्या वळणांची डबकी आहेत, त्यांच्या काठाने गावं. रस्ते नाहीत, होडी हाच रस्ता. 1970 च्या दशकात कोणीतरी थोडी रोपं आणली, आणि काही वर्षांत सुमारे 250 चौरस किलोमीटर पाणी झाकलं गेलं. होडी पुढे सरकेना. मासे धरता येईनात. साबुदाण्याच्या जातीचं जे सागूचं पीठ त्यांचं रोजचं अन्न, ते आणायला जाता येईना. शाळा, दवाखाना, बाजार पाण्यापलीकडे. लोक गावं सोडून गेले.

1982 मध्ये तिथे साल्विनी सोडला. आणि तो वाढेचना. इथे मला वाटलं, झालं, परत तोच सिनेमा. पण या वेळी किडा बरोबर होता, जेवण निकृष्ट होतं. तिथल्या पाण्यात नायट्रोजन इतका कमी की नेच्याची पानं किड्याला पोसेनात. मग त्या लोकांनी जे केलं ते ऐका: तणावर युरिया टाकला! जे मारायचंय त्यालाच खत घातलं. थोड्या जागेवर पानं हिरवीगार झाली, किडे वाढले, आणि एकदा संख्या वाढल्यावर ते पुढे पसरत गेले. तीनेक वर्षांत 250 चौरस किलोमीटरचं अगदी थोडं उरलं. लोक परत आले. 1985 चा युनेस्कोचा विज्ञान पुरस्कार या कामासाठी सीएसआयआरओला मिळाला. 1986 मध्ये नेचर या साप्ताहिकात टॉमस आणि रूम यांचा जो लेख आला, त्याच्या शीर्षकात तण नियंत्रणाच्या आधी वर्गीकरण हा शब्द आहे. तो तिथे का आहे, हे आता तुम्हाला सांगायला नको.

भारतात हा किडा 1982 मध्ये ऑस्ट्रेलियातून बंगळूरला आला. कमळाच्या एका तळ्यात सोडून पाहिला. अकरा महिन्यांत नेचं गेलं आणि दबलेली कमळं परत वर आली. मग केरळ. तिथे भातखाचरातून हे तण हाताने काढायला हेक्टरी 235 रुपये खर्च यायचा, 1980 च्या दशकातले रुपये. किड्याने तो वाचवला. अलीकडे बैतुल जिल्ह्यात सारणीच्या सातपुडा जलाशयातही हाच किडा सोडला गेलाय, आपल्या विदर्भाच्या सीमेला लागूनच. जलपर्णीसाठी 1982 मध्येच भारतात आणलेले निओकेटिनाचे दोन प्रकार, तेही सोंडकिडेच. एकाच घराण्यातला एक किडा माझा डबा खातो आणि दुसरा कोणाचा तरी रस्ता मोकळा करतो.

असले घोळ जुन्या काळातच व्हायचे असं समजू नका. आपल्या कोकणातला नारळाचा सोंड्या भुंगा घ्या, शास्त्रीय नावात फेरुजिनियस, म्हणजे गंजाच्या रंगाचा. याचाच एक काळा, लाल पट्ट्याचा भाऊ आग्नेय आशियात असतो, व्हल्नेरॅटस. 2004 मध्ये काही संशोधकांनी डीएनए आणि रंग बघून दोघांना एक करून टाकलं. 2010 मध्ये कॅलिफोर्नियात लगुना बीचला एका ताडाच्या झाडात भुंगा सापडला, आणि फेरुजिनियस अमेरिकेत आला म्हणून खळबळ उडाली. 2013 मध्ये जास्त ठिकाणचे नमुने घेऊन पुन्हा डीएनए पाहिला. तर दोन जाती वेगळ्याच, आणि कॅलिफोर्नियात आलेला तो भाऊ होता. जोडलं 2004 ला, तोडलं 2013 ला. माझ्या स्क्रिप्टबद्दल मला त्या दिवशी जरा कमी अपराधी वाटलं.

बरं, तुमच्या डब्यातला कोणता? ओरायझी की झियामेस? आकारावरून खात्री देता येत नाही, लहान दाण्यात वाढलेला मोठ्या जातीचा किडाही बारीकच राहतो. पाठीवरच्या खड्ड्यांवरून तज्ज्ञ अंदाज बांधतात. पक्कं सांगायचं तर नर किडा उघडून त्याचं जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. एकाचं वरून गुळगुळीत असतं, दुसऱ्याच्यावर दोन खोबणी असतात. माझ्याकडे फोनला लावायची शंभर-दोनशे रुपयांची लेन्स आहे. तिने सोंड मस्त दिसते, पुढचं काही दिसत नाही.

तांदूळ मी आता थोडे थोडे करून फ्रीझरमध्ये ठेवतो, आठवडाभर. आतल्या अळ्याही मरतात. आईला हे पटलेलं नाही, तिने परवा पुन्हा पाला पाठवलाय आणि या वेळी मी तो फेकलेला नाही. पहिल्या डब्यातले पाच-सहा किडे होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत सॅनिटायझर घालून ठेवलेत. वर चिठ्ठी चिकटवलीय: तारीख, भोर, इंद्रायणी तांदूळ. नावाची जागा रिकामी आहे. कोणी कीटकशास्त्र शिकत असेल आणि बघून देणार असेल तर सांगा, बाटली घेऊन येतो. आणि तुमच्याकडे याला काय म्हणतात तेही कळवा, टोके, सोंडे की आणखी काही. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.